साडेसातनंतर केबिनमध्ये कोण?

प्रश्न : ताई, सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आहेत, म्हणून दिरांनी सगळ्या घराची सात रात्रींची क्रूझ ठरवली आहे. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची सहा आणि नऊ वर्षांची मुलं आणि आम्ही तिघं. आमची मुलगी आत्ता सहा महिन्यांची आहे, तेव्हा नऊ महिने पूर्ण झालेले असतील. अंगावर पिते, वरचं खायला नुकतीच सुरुवात केली आहे. दिवसातून दोनदा झोपते आणि संध्याकाळी साडेसातला गुडूप. तिची वेळ चुकली की घर डोक्यावर घेते. दिरांनी आमच्यासाठी आतली, बिनखिडकीची केबिन घेतली आहे. 'केबिनमध्ये बसतं कोण?' असं त्यांचं म्हणणं. नवरा म्हणतो, जहाजावर सगळं मिळतं, आणि घरची माणसं आहेतच की सांभाळायला. मला मात्र बोट लागेल का, भर समुद्रात ताप आला तर काय, याच विचारांनी झोप येत नाही. आणि खरं सांगू? सगळे मजा करतील आणि मी आठवडाभर अंधाऱ्या खोलीत बसून राहीन, असं सारखं वाटतं. नाही म्हटलं तर सगळ्यांच्या आनंदावर विरजण घातल्यासारखं होईल. बुकिंगची सुरुवातीची रक्कम भरली आहे, बाकीची अजून भरायची आहे. काय करू?
— एक आई

उत्तर :

तुझ्या पत्रातलं मुद्द्याचं वाक्य तू 'खरं सांगू?' म्हणत अगदी शेवटाकडे लिहिलं आहेस. ताप, उलट्या, बोट लागणं याची काळजी रास्तच आहे, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण तुझी झोप उडवली आहे ती त्या अंधाऱ्या खोलीने. आणि तुझा अंदाज बरोबर आहे. तान्ही मुलं घेऊन क्रूझवर जाणारे बहुतेक लोक जहाज केवढं, त्यावर घसरगुंड्या किती, नाटकं-गाणी कोणती, हे बघून बुकिंग करतात. सुट्टी कशी जाणार हे मात्र ठरतं एकाच गोष्टीवर : बाळ झोपल्यावर मोठी माणसं बसणार कुठे?

माझं मत आधीच सांगून टाकते. जा. पण आहे त्या बुकिंगवर जाऊ नकोस.

आधी दिरांना एक फोन कर आणि विचार, की बुकिंगमध्ये मुलीचं नाव घातलंय ना? 'तान्हं बाळ आहे, मांडीवर बसेल' हा विमानाचा हिशोब जहाजावर चालत नाही. जहाजावर दोन दिवसांचं बाळ असो की ऐंशी वर्षांचे आजोबा, लाइफबोटीत प्रत्येकाची एक जागा धरलेली असते. त्यामुळे दोघांसाठी असलेल्या केबिनमध्ये तिसरं माणूस ऐनवेळी घुसवता येत नाही, मग ते कितीही लहान असलं तरी. तिचं स्वतःचं तिकीट, तिचा पासपोर्ट, लागत असेल तिथला व्हिसा, सगळं तिच्या नावावर हवं.

वयाचंही तपासून घे. बऱ्याचशा मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या पुढची बाळं घेतात आणि हे वय जहाजावर चढण्याच्या दिवशी मोजतात. पण मार्ग लांबचा असेल, महासागर ओलांडायचा असेल, तर हीच अट बारा महिन्यांची होते. रॉयल कॅरिबियनच्या नियमात तर सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच असतील तरी बाळ वर्षाचं लागतं. तुमची क्रूझ सातच रात्रींची आहे, तरी मधले सलग समुद्रातले दिवस किती आहेत ते मोज. ही अट कोणी उगाच घातलेली नाही. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर-नर्स चोवीस तास असतात, पण ते तातडीच्या उपचारांपुरतं. लहान मुलांचा तज्ज्ञ डॉक्टर आणि बाळांचा अतिदक्षता विभाग तिथे नसतो, आणि पुढचं बंदर कधीकधी एक-दीड दिवस लांब असतं.

आता केबिन.

दिरांचं 'केबिनमध्ये बसतं कोण?' हे त्यांच्यापुरतं खरं आहे. त्यांची मुलं सहा आणि नऊ वर्षांची, ती दिवसभर मुलांच्या क्लबमध्ये असतील आणि रात्री दहाला दमून परततील. तुमचा हिशोब मांडून बघ. नऊ महिन्यांचं बाळ दिवसा दोन झोपा काढणार, म्हणजे दोन-तीन तास गेले. रात्री साडेसातपासून सकाळी सहापर्यंत परत केबिन. दिवसातले बारा-तेरा तास कोणीतरी एक मोठं माणूस त्या खोलीत असणार. आणि खोली केवढी? साधी आतली केबिन साधारण पंधरा चौरस मीटरची. त्यात पलंग, कपाट, सोफा असला तर सोफा, आणि उरलेल्या जमिनीवर बाळाचा घडीचा पाळणा. रात्री बाथरूमला जायचं तर त्याला वळसा घालून, हाताने भिंत चाचपत. दिवा लावला की बाळ उठणार, म्हणून साडेसातला दिवा बंद. मग तुम्ही दोघं काळोखात, फोनचा उजेड हाताने झाकून, कुजबुजत. हे एखाद्या रात्री गमतीचं वाटतं. सात रात्री नाही.

आतल्या केबिनचं एक मात्र मान्य करायला हवं : तिथे भर दुपारी ठार अंधार होतो आणि बाळं त्यात झकास झोपतात. नुसत्या खिडकीची, समुद्र दिसणारी केबिन मला बाळासाठी सगळ्यात कुचकामी वाटते. पहाटे उजेड आत येणार तो येणारच, आणि बसायला वेगळी जागा मिळत नाही ती नाहीच.

म्हणून बाल्कनीची केबिन घ्या. बाळ आत झोपलं, पडदा ओढला, काचेचं दार लावून घेतलं की बाहेर दोन खुर्च्यांवर तुम्ही दोघं. बोलता येतं, काहीतरी खाता येतं, पुस्तक वाचता येतं, आणि पडद्याच्या फटीतून बाळ दिसतं. कितीही महाग पडली तरी या आठवड्यात सगळ्यात जास्त वापर होईल तो त्या दोन खुर्च्यांचा. खर्च वाचवायचाच असेल तर खाण्यापिण्याची जादा पॅकेजं आणि किनाऱ्यावरच्या सहली कमी करा. बाल्कनी शक्यच नसेल तर दुसरा रस्ता : सासू-सासऱ्यांची केबिन तुमच्या शेजारची आणि मधल्या दाराने जोडलेली मागा. अशा जोडकेबिन बऱ्याच जहाजांवर असतात, पण थोड्याच असतात आणि लवकर संपतात. बाळ एका खोलीत, मोठी माणसं दुसऱ्या खोलीत, मधलं दार किलकिलं.

केबिन जहाजाच्या मध्यावरची आणि बाल्कनी मिळेल त्यातल्या खालच्या मजल्यावरची असू दे. टोकाला आणि उंचावर जहाज जास्त हलतं. वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे तेही नकाशात बघून घ्या. डोक्यावर पोहण्याचा तलाव आणि त्याभोवतीच्या खुर्च्या असल्या की त्या पहाटेपासून खरखर ओढल्या जातात.

रांगणाऱ्या बाळासाठी बाल्कनीला नियम कडक हवा : ती बाहेर असेल तेव्हा कोणाच्या तरी हातात, जमिनीवर कधीच नाही. खुर्ची-टेबल कठड्यापासून लांब. आणि बाल्कनीचं दार उघडं असताना खोलीचं दार उघडू नका. वारा आरपार घुसतो आणि जड दार इतक्या जोरात आपटतं की मोठ्यांचं बोट सापडलं तरी चेंगरेल. बाळ तर नेमकं दाराच्या फटीतच बोटं घालतं. बाथरूमच्या दाराशी उंबरठाही असतो. रांगत येऊन त्याच्यावर हनुवटी आपटायची ठरलेली, तेव्हा ते दार लावलेलंच ठेवा.

आणि त्या बाथरूमचा फ्लश! जहाजावरचे शौचालय हवेच्या दाबाने मैला ओढतं. बटण दाबलं की क्षणभर शांतता, मग असा काही 'फस्स्-खट्ट' आवाज होतो की झोपलेलं बाळ दचकून उठतं. झाकण लावायचं, बाथरूमचं दार लावायचं, मगच बटण. पाळणा त्या भिंतीपासून आणि एसीच्या झोतापासून दूर. डायपर किंवा पुसायचे ओले रुमाल (वाइप्स) त्यात टाकले तर तुमचंच नाही, आसपासच्या केबिनींचंही शौचालय तुंबतं. वापरलेले डायपर पिशवीत बांधून केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे द्या आणि पहिल्याच दिवशी त्याला जास्तीच्या पिशव्या मागून ठेवा.

पाळणा बुकिंगच्या वेळीच मागायचा, तिथे जाऊन नाही. तिच्या रोजच्या पाळण्याची, न धुतलेली एक चादर बरोबर ने, ओळखीच्या वासाने नव्या जागी झोप लवकर लागते. चादर घट्ट बसणारी हवी, उशी किंवा मऊ पांघरूण पाळण्यात नको. 'आठवडाच आहे, आपल्यात घेऊ' म्हणून तिला उशांचा बांध घालून मोठ्या पलंगावर किंवा सोफ्यावर एकटीला झोपवू नका. हलत्या जहाजावर तर नकोच.

केबिन बदलली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं नवऱ्याच्या त्या वाक्यात आहे : 'घरची माणसं आहेतच की सांभाळायला.' सगळे सांभाळणार म्हणजे नेमकं कोण, हे ठरलेलं नसलं की ते काम आईकडे येतं. कोणाच्या वाईटपणामुळे नाही. बाळ रडलं की सगळे आपसूक आईकडेच बघतात. शिवाय नऊ महिन्यांच्या आसपास मुलांना आईवेगळं होण्याची भीती नव्यानेच सुरू होते. आज जी काकूच्या कडेवर हसते ती तीन महिन्यांनी काकूला बघून भोकाड पसरेल. तेव्हा आत्तापासून आठवड्यातून एकदा जाऊबाईंनी किंवा सासूबाईंनी तिला झोपवायचं आणि तू घराबाहेर जायचं. दुसऱ्या खोलीत बसून कान देऊन ऐकायचं नाही, खरोखर बाहेर जायचं.

आणि जायच्या आधी सात रात्री वाटून घ्या, कागदावर. मी असं वाटेन : तीन रात्री तुझा नवरा, दोन रात्री तू, एक रात्र दीर-जाऊ मिळून, एक रात्र सासू-सासरे. लग्नाच्या वाढदिवसाची रात्र सोडून, अर्थात. ज्याची रात्र त्याने साडेसातला केबिनमध्ये असायचं, बाकीच्यांनी नाटक बघा, पत्ते खेळा, डेकवर फिरा, दोन-तीन तासांसाठी मागे वळून बघायचं नाही. नवऱ्याच्या तीन का? कारण रात्री दोनला उठून पाजायला तूच उठणार आहेस आणि ते कोणाला वाटून देता येत नाही.

जेवणाची वेळ सगळ्यात लवकरची मागा. मोठ्या जेवणघरात ठरलेल्या वेळांच्या दोन पंगती असतात, पहिली साडेपाच-सहाच्या सुमारास, दुसरी आठच्या आसपास. पहिली घेतली तर बाळासकट सगळं घर एका टेबलावर बसतं, उंच खुर्ची मिळते, सासू-सासऱ्यांना हवं असलेलं 'सगळे एकत्र' रोज होतं, आणि सातला तू मोकळी. दीर दुसरी पंगत मागत असतील तर या एका मुद्द्यावर मागे हटू नकोस. वाढप्याला पहिल्याच संध्याकाळी सांग की तिच्यासाठी उकडलेली भाजी मऊ करून आधी आणा, मग तिचं खाणं होईपर्यंत तुमचं पान वाढलं जातं. मात्र ज्या पदार्थांनी अंगावर पुरळ, सूज येऊ शकते, उदाहरणार्थ अंडं, शेंगदाणे, ते पहिल्यांदा जहाजावर चाखवू नका. त्याची ओळख घरी, डॉक्टर हाकेवर असताना.

बाळाजवळ आवाज टिपणारा मॉनिटर लावून खाली जेवायला जाण्याचा विचार कोणी मांडला तर तो तिथेच मोडून काढ. पोलादी भिंतींतून सिग्नल धड जात नाही, आणि गेला तरी धोक्याचा भोंगा झाला तेव्हा आई-बाप आठ मजले खाली आणि बाळ वर, हे कोणालाच नको आहे.

'जहाजावर सगळं मिळतं' हे मोठ्यांसाठी. बाळांसाठी काय मिळतं हे कंपनीगणिक बदलतं. रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर सहा ते छत्तीस महिन्यांच्या मुलांसाठी पाळणाघर आहे, डिस्नेच्या जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत आहे, दोन्हीकडे तासावर पैसे. कार्निव्हलचा मुलांचा क्लब मात्र दोन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी असतो. जिथे पाळणाघर आहे तिथे जागा मोजक्या असतात आणि ऑनलाइन किंवा पहिल्या दिवशी दुपारीच संपतात. डायपर आणि दुधाची पावडर दुकानात मिळेल या भरवशावर जाऊ नका. मिळाली तर तुमच्या मापाची, तुमच्या ब्रँडची नसणार. घरी दिवसाला लागतात त्याच्या दीडपट डायपर घ्या. कपडे धुवायला स्वतः वापरायची मशीन कार्निव्हल, डिस्नेच्या जहाजांवर असतात, रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर नसतात.

पोहण्याचं तर बोलायलाच नको, कारण ते बहुधा होणारच नाही. जहाजावरच्या तलावात डायपर घालणाऱ्या मुलांना उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही, आणि काठावर बसून पाय बुडवायलाही अडवतात. हे कर्मचारी आडमुठे म्हणून नाही. अशा डायपरमधून शी पाण्यात मिसळतेच, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त जगतो. काही जहाजांवर डायपरवाल्या बाळांसाठी वेगळ्या पाण्याची, कारंज्यांची छोटी जागा असते. तुमच्या जहाजावर आहे का ते विचारा, नसेल तर तिचा पोहण्याचा पोशाख समुद्रकिनाऱ्यासाठी ठेवा. अंघोळीचाही प्रश्न येतो, कारण साध्या केबिनमध्ये टब क्वचितच, नुसता शॉवर आणि त्याचा पायाला चिकटणारा पडदा. हवा भरायचा छोटा टब ने. शॉवरच्या तळाशी बरोब्बर मावतो.

आता तुझ्या त्या दोन भीत्या.

बोट लागणं हे दोन वर्षांच्या आतल्या मुलांत क्वचित दिसतं. सर्वांत जास्त त्रास होतो तो दोन ते बारा वर्षांच्या मुलांना, म्हणजे तयारी करायची ती जाऊबाईंनी. तुला स्वतःला लागत असेल तर अंगावर पाजताना चालणारी गोळी डॉक्टरांना विचारून आत्ताच लिहून घे. बाळाला मात्र कोणी 'थोडीशी अर्धी' म्हणून मोठ्यांचं औषध देऊ करेल, ते अजिबात नको. प्रोमेथाझिनसारखं औषध दोन वर्षांच्या आत देतच नाहीत, त्याने श्वास मंदावू शकतो.

आजारपणात खरा धोका पोटाचा. नोरोव्हायरस जहाजावर पसरतो तो दाराच्या मुठी, बुफेचे चमचे, लिफ्टची बटणं यांवरून, आणि तुमची कन्या तेव्हा हाताला लागेल ते तोंडात घालण्याच्या वयात असेल. प्रत्येक दारात सॅनिटायझर ठेवलेलं दिसेल, पण या विषाणूवर ते फारसं चालत नाही. साबण लावून वीस सेकंद हात चोळणं चालतं, तिचेही आणि तिला घेणाऱ्या प्रत्येकाचेही. बुफेत तिला कडेवर घेऊन ताट वाढू नका, एकाने टेबलावर बसावं. केबिनमध्ये पोचल्यावर रिमोट, टेलिफोन, मुठी पुसून घ्या आणि जमिनीवर एक मोठं दुपटं अंथरा, तेवढाच तिचा इलाका. अंगावर पितेस हे इथे फार सोयीचं आहे, प्रवास संपेपर्यंत सोडवण्याच्या भानगडीत पडू नकोस.

जायच्या दीड-दोन महिने आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. तिच्या वजनाप्रमाणे तापाच्या औषधाचं माप लिहून घे, ओआरएसची पाकिटं आणि थर्मामीटर घे, आणि कोणती लक्षणं दिसली की वाट न बघता जहाजावरचा दवाखाना गाठायचा हे विचार. गोवराच्या लशीचंही विचार. परदेश प्रवास असेल तर सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना तिचा एक जादा डोस आधी द्यावा, असं अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसी सुचवते, आणि तो नेहमीच्या डोसांत मोजत नाहीत. विमा घेताना जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते शब्दशः वाच. दवाखान्याचं बिल आधी केबिनच्या खात्यावर चढतं, विम्याचे पैसे नंतर मागायचे असतात.

पंपाने दूध काढून ठेवणार असशील तर केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नकोस. तो बऱ्याचदा बाटल्या गार राहतील एवढाच थंड असतो. दूध चार दिवस टिकतं ते चार अंश सेल्सिअसला, साध्या खोलीच्या तापमानाला चारच तास. चांगला फ्रिज बाळासाठी हवा म्हणून मागितला तर पुष्कळदा मिळतो. बाटल्या उकळायचं यंत्र, दूध गरम करायचं यंत्र, किटली हे आगीच्या भीतीने बऱ्याच कंपन्या चढतानाच काढून घेतात. गार पाण्यात विरघळणाऱ्या निर्जंतुक करण्याच्या गोळ्या ने. पावडरचं दूध द्यावं लागलंच तर ते किमान सत्तर अंश गरम पाण्यात कालवून मग निववायचं, म्हणून उकळत्या पाण्याचा थर्मास रोज भरून मागत जा.

पहिला दिवस सगळ्यात दगदगीचा. मोठ्या बॅगा घाटावर ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळी कधीतरी येतात. केबिनही दुपारपर्यंत उघडत नाही. म्हणून दिवसभराचे डायपर, दोन जोड कपडे, तिचं खाणं, औषधं हातातल्या पिशवीत, आणि झोपेसाठी अंगाला बांधायची झोळी. केबिन मिळाली की पहिलं काम : तान्ह्या बाळाचं लाइफ जॅकेट मागायचं. चोवीस तासांहून लांबच्या प्रवासात जहाजावर जेवढी तान्ही बाळं तेवढी त्यांच्या मापाची जॅकेटं असलीच पाहिजेत, असा सोलास या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. ते आणून केबिनमध्ये ठेवायचं, घालून बघायचं. ती रडेल, रडू दे. मग सुरक्षेचा सराव. तो पूर्वी चढल्यापासून चोवीस तासांत केला तरी चालायचा. 13 जानेवारी 2012 ला कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकाला लागलं, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलून तो निघण्याआधी किंवा निघताक्षणी करायचं ठरलं. झोपेची वेळ आली म्हणून तो चुकवू नका.

बंदरांबद्दल थोडक्यात. जिथे जहाज धक्क्याला न लागता लांब नांगर टाकतं आणि छोट्या होडीने किनाऱ्यावर नेतात, तिथे बाबागाडी घडी करून, बाळ अंगाला बांधून उतरावं लागतं, दोन्ही हात मोकळे हवेत. सहलीच्या बसमध्ये बाळाचं आसन नसतं हे धरून चाला. आठ तासांच्या सहली दिरांच्या मुलांसाठी, तुम्ही जवळपास दोन तास फिरून परत. सगळे उतरून गेले की जहाज रिकामं होतं, लिफ्ट लगेच येते, बुफेत रांग नसते. तो दिवस तुमचा. स्वतःहून फिरायला गेलात तर परतायच्या वेळेच्या तासभर आधी या, जहाज एका कुटुंबासाठी थांबत नाही.

राहिलं विरजण. 'जायचं की नाही' असा प्रश्न घरात ठेवलास तर तू नाही म्हणणारी ठरशील. त्याऐवजी थेट तीन मागण्या ठेव : बाल्कनीची किंवा जोडलेली केबिन, पहिली पंगत, आणि रात्रींची वाटणी. आधी नवऱ्याशी बोल, दिरांशी त्याने बोलावं, त्याचा भाऊ आहे. सासूबाईंना मात्र तूच सांग, त्यांनी तान्ही मुलं घेऊन प्रवास केले आहेत, पहिल्या वाक्यात कळेल त्यांना. तिन्ही मान्य झाल्या तर बिनधास्त जा. केबिन बदलायला तयार नसतील तर तुम्ही तिघं या वेळी थांबा, आणि ते मोकळेपणाने सांगा. बाळ असताना आई-बापांनी एखादा प्रवास पुढे ढकलणं यात कोणाचा अपमान नाही.

हे सगळं पुढच्या आठवड्यातच कर. बाकीची रक्कम भरायची शेवटची तारीख साधारण तीन महिने आधीची असते, म्हणजे तुमची अगदी तोंडावर आली असेल. तोपर्यंत केबिन बदलणं सोपं आणि रद्द करणं स्वस्त. त्यानंतर दोन्ही महागात पडतं.